सेऊलच्या बाजारातला घास

आमच्या मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला दरवर्षी सहा-सात प्रवासवर्णनं येतात आणि ती सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी असतात. रस्ते चकाचक असतात, लोक शिस्तीचे असतात, शाकाहारी जेवणाची आबाळ होते, मग कुठल्याशा गल्लीत देवासारखा एक पंजाबी हॉटेलवाला भेटतो, आणि शेवटी आपल्याकडे हे कधी येणार म्हणून लेखक सुस्कारा सोडतो. नऊ वर्षं मी हा अंक काढतेय. असलं वाचून वाचून माझं डोकं उठलेलं आहे. तरीही २०२०च्या जुलैमध्ये, कोरोनाने मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं तेव्हा, मीच दत्तात्रय आगाश्यांना फोन करून कोरियाचं प्रवासवर्णन मागितलं. त्या वर्षी कुणीच कुठे गेलेलं नव्हतं. आधीच्या नोव्हेंबरात कोरियाला जाऊन आलेले ते आणि शोभाताई, एवढे दोघंच हाताशी होते.

दत्तात्रय शहराच्या पश्चिम टोकाला, वेरिबीत राहतात. पाण्याच्या पाइपलाइनी तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत, साठी नुकतीच ओलांडली आहे. मंडळात त्यांची ओळख म्हणजे कार्यक्रमाआधी खुर्च्या मांडणारे आणि नंतर उचलणारे. भाषण नाही, गाणं नाही, कुणाशी वाद नाही. त्यांना काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं होतं तेच आपण विसरतो. बोलायचं काम शोभाताईचं, त्यांच्या बायकोचं. ती दोघांच्या वाट्याचं बोलते.

शोभाताई कडक शाकाहारी. उपदेश नाही करणार, पण स्वतःपुरतं काटेकोर. मंडळाच्या पिकनिकला बार्बेक्यूवर ती स्वतःचा तवा ठेवते आणि स्वतःचा चिमटा आणते, त्याला लाल दोरा बांधलेला. कुठेही काही खायच्या आधी तिचे प्रश्न ठरलेले: यात अंडं आहे का, तेल वेगळं आहे का, हाच चमचा त्यात घातला होता का. मी मालवणची. मासे नसतील त्या दिवशी मला जेवल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे तिला चिडवायचं काम आपसूक माझ्याकडे आलेलं. तीही मला चिडवायची. आमचं छान जमायचं.

फेब्रुवारीत शोभाताईची आई पुण्यात घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं तिकीट काढून शोभाताई गेली. सहा आठवडे संपायच्या आत विमानं बंद झाली. मग ती तिकडे आणि दत्तात्रय इकडे, वेरिबीच्या चार बेडरूमच्या घरात एकटे. मुलंबाळं नाहीत. मी प्रवासवर्णन मागितलं त्यात, खोटं कशाला बोलू, थोडा हाही विचार होता की माणसाला काहीतरी उद्योग मिळेल.

पंधरा दिवसांनी लेख आला. चकाचक रस्ते. शिस्त. मेट्रोत म्हाताऱ्यांच्या जागा गर्दीतही रिकाम्याच ठेवतात. पूल अमुक मीटर लांब. मी फोन केला. दिवसभर शाळेतल्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवून, म्हणजे पंचवीस काळ्या चौकोनांशी एकटीनेच बोलून, संध्याकाळी तासभर चालायची परवानगी असायची, तेवढ्यात मी अंकाचे फोन उरकायची.

"दत्ताभाऊ, यात तुम्ही कुठे आहात? जेवलात काय? घाबरलात कधी? हसलात कधी?"

ते म्हणाले, "ते सगळं शोभाला माहीत."

"मग शोभाताईला विचारा. लेख तुमच्या नावावर छापते, नो वरीज."

आणि त्यांनी खरंच विचारलं. रोज तिकडची दुपार आणि इकडची संध्याकाळ जुळवून ते फोन करायचे, ती सांगायची आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. तोपर्यंत त्यांच्या फोनवर दोनच विषय होते, आईचं दुखणं आणि विमानं. दोन्हींत रोज तेच बोलायचं. आता तिसरा विषय मिळाला. लेखाचा दुसरा खर्डा आला तो वाचून मी एकटी रस्त्यात हसले. त्यात शोभाताईचा आवाज होता. जेवणाच्या टेबलावर कात्री ठेवतात आणि कापड कापावं तसे नूडल्स कापतात. जेवायच्या काटक्या स्टीलच्या, गुळगुळीत, शेंगदाणा धरायला गेलं की समोरच्याच्या ताटात जाऊन पडतो. भाताभोवती दहा वाट्या मांडतात, मोड आलेले मूग, पालक, मुळा, आणि वाटी रिकामी झाली की न मागता भरून आणतात, पण आपल्यासारखा आग्रह करून जीव नकोसा करत नाहीत. रात्री झोपायला गादी जमिनीवर आणि जमीन खालून तापवलेली. तिच्या गुडघ्यांना पंधरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. डोंगरावर फिरायला सत्तरीच्या बायका एव्हरेस्टला निघाल्यासारख्या नटून येतात आणि वर पोचल्या की पिशवीतून संत्री काढून अनोळखी माणसांना वाटतात.

पण त्यात किमची नव्हती, तिकडचं कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं. कोरियावर लिहायचं आणि किमचीचं नाव नाही! मी विचारलं तर दत्तात्रय म्हणाले, "बघतो." दिवाळी आली, अंक निघाला, लेख त्यांनी छापू दिलाच नाही. पुढच्या वर्षी देतो म्हणाले. मी वैतागले, पण त्या वर्षी सगळेच सगळं पुढच्या वर्षावर ढकलत होते.

किमचीची गोष्ट मला कळली ती शोभाताईकडून. ऑक्टोबरात तिने मला व्हिडिओ कॉल केला आणि ओट्यावरची बरणी दाखवली. पुण्यातल्या बंद घरात, आजारी आईच्या उशाशी बसून बसून ती कंटाळली होती आणि तिने किमची घालायला घेतली होती. तिकडचा लांबट कोबी मिळेना म्हणून आपला साधा. रंगाला ब्याडगी मिरची. आलं-लसूण, मीठ. कांदा-लसूण तिला चालायचा, एवढं बरं.

"चांगली होते गं, पण काहीतरी राहतंय," ती म्हणाली. "मागून एक खोल चव यायची, ती येत नाही. हिंग घालून बघितला, मेथी घातली, आमसूल घातलं, काळं मीठ घातलं. यांना किती वेळा म्हटलं तिकडच्या कोरियन दुकानात विचारा, हे नुसतं बघतो म्हणतात. तुमच्या ग्लेन वेव्हर्लीत आहे ना दुकान? तू विचार."

मी विचारलं. काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा, त्यामागे मास्क लावलेली एक बाई. माझा प्रश्न ऐकून ती हसली, मागच्या फ्रिजमधून एक काचेची बाटली आणि एक डबी काढून तिने समोर ठेवली. बाटलीवर माशाचं चित्र होतं. डबीत काय आहे ते मला मालवणच्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. खारवलेला जवळा. "हे नसेल तर ती चव नाही," ती बाई म्हणाली.

दुकानाबाहेर येऊन मी पोट धरून हसले. शोभाताई आठ दिवस मासे खात होती! मग रस्ता ओलांडेपर्यंत हसू गेलं. मी दत्तात्रयांना फोन लावला.

"दत्ताभाऊ, किमचीत मासे असतात. जवळा."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना तेवढंच एकदा ऐकलं. सेऊलमध्ये तो हिवाळ्याच्या बेगमीचा महिना होता, सगळीकडे कोबीचे ढीग, आणि घरच्या, शेजारच्या बायका एकत्र बसून वर्षाची किमची घालतात. बाजारात एका दुकानामागे अशाच सात-आठ बायका लाल रबरी हातमोजे घालून बसल्या होत्या. शोभाताई बघत उभी राहिली. तर त्यांच्यातली एक म्हातारी उठली, तिने ताज्या पानाची गुंडाळी केली, आणि सरळ शोभाताईच्या तोंडासमोर धरली. तशीच पद्धत आहे म्हणे, काम चालू असताना एकमेकींना घास भरवायचा. आणि शोभाताईने तोंड उघडलं. काही न विचारता.

"मिताली, तिने विचारलं नाही," दत्तात्रय म्हणाले. "आमची गाइड मुलगी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, तुम्ही व्हेज ना, यात मासे असतात. तोवर शोभाने खाल्लं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. तिखटाने असेल. मला म्हणाली, अहो, मला कुणी घास भरवला त्याला किती वर्षं झाली. आता त्यावर मी काय सांगणार होतो?"

पुढचे पाच दिवस तिने तिन्ही त्रिकाळ किमची खाल्ली आणि ते गप्प बसले. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड होतं. घरी आल्यावर तर विषयच निघाला नव्हता.

"शोभाला सांगू नकोस," ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, जवळा म्हणजे काय विष आहे का, सांगून टाका आणि मोकळे व्हा. त्यांना ते लागलं, हे मला फोनवरही कळलं. त्या संध्याकाळी शोभाताईने कॉल केला तेव्हा मीच म्हणाले, "पेर किसून घाल म्हणाली ती बाई." घालतातही पेर. पण मी खोटं बोलले, आणि ते इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

तिने पेर घातलं. नाही जमलं. मग तांदळाची पेज घातली. नाही जमलं. तिळाचं कूट घातलं. दर महिन्याला एखादा फोटो यायचा, बरणीवर तारखेची चिठ्ठी लावलेली. मी अंगठा दाखवायचे. दत्तात्रयही दाखवत असतील. मी शाळेच्या कामाने इतकी थकलेली असायची की दुसऱ्याच्या बरणीची चिंता करायला त्राण नव्हतं. असं मी स्वतःला सांगत होते.

एप्रिल २०२१मध्ये पुण्यात ती लाट आली. आधी आईला ताप आला, मग शोभाताईला. नवव्या दिवशी आई गेली. शोभाताई दुसऱ्या खोलीत ऑक्सिजनच्या नळीवर होती, तिला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. इकडे त्याच आठवड्यात मेलबर्न पूर्ण उघडं होतं, कॅफे भरलेले, फुटबॉलला पाऊण लाख माणसं, आणि भारतातून येणाऱ्या विमानांना बंदी. दत्तात्रय गेले असते तर परत कधी येतील हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि इथून बाहेर पडायलाही परवानगी लागायची. ते रात्रंदिवस फोन चालू ठेवून बसायचे. शोभाताईच्या खोलीत फोन उशीजवळ ठेवलेला, ते तिचा श्वास ऐकत राहायचे. मी एकदा त्यांच्याकडे वरण-भात घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला आणि दाराशीच म्हणाले, "आज खोकला कमी आहे." मग दार लावून घेतलं.

शोभाताई वाचली. पण तिच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला. महिन्याभरात येईल म्हणाले डॉक्टर. दोन महिने झाले, तीन झाले. ती स्वयंपाक करेनाशी झाली. दूध-बिस्किटं, कधी केळं. व्हिडिओवर तिचं तोंड इतकंसं दिसायचं. मी म्हटलं, अगं, चव नसेना का, करून खा काहीतरी. ती म्हणाली, "करू कशाला? माझ्या हातालाच चव राहिली नाही आता. आजारात नाही गेली ती, आधीच गेली होती. त्या किमचीच्या वेळीच मला कळायला हवं होतं. इतके महिने करत होते आणि एक गोष्ट जमत नाही म्हणजे हात गेला ना बाईचा."

हे तिने दत्तात्रयांनाही सांगितलं असणार. ऑगस्टमध्ये, आम्ही सहाव्यांदा घरात कोंडले गेलो तेव्हा, लेखाचा तिसरा खर्डा आला. सगळं पूर्वीचंच, शेवटी एक परिच्छेद नवा. ते इंजिनिअरच्या रिपोर्टसारखं लिहितात. "किमचीमध्ये खारवलेली कोळंबी व माशांचे द्रावण असते. हे मला दि. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी समजले. मी पत्नीला सांगितले नाही. तिच्या हातात कोणताही दोष नाही." खाली चिठ्ठी: हे छापा, म्हणजे तिला कळेल. तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

माझं डोकं फिरलं. तेव्हाच्या तेव्हा फोन केला.

"दत्ताभाऊ, ही बाई दूध-बिस्किटांवर जगतेय, आणि तुम्ही दिवाळीची वाट बघणार? चारशे लोकांच्या आधी तिला कळायला नको? मी छापणार नाही. आज सांगा. नाहीतर मी सांगते."

"ती मला सोडून देईल," ते म्हणाले.

साठीच्या माणसाच्या तोंडी हे मला आधी हास्यास्पद वाटलं. पण त्यांना तीच भीती होती, आणि ती खरी होती. विमानं कधीतरी सुरू होणारच होती. सुरू झाल्यावर ती त्यात बसेल का, हा त्यांचा प्रश्न होता. आई गेली होती, पुण्याचा फ्लॅट तिच्या नावावर होता, मागे खेचणारं वेरिबीत एकटे तेच होते.

त्या रविवारी त्यांनी सांगितलं. मीही खोटं बोलले होते, तेही सांगितलं; मीच तसं सांगायला सांगितलं होतं. शोभाताईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. अकरा दिवस तिने त्यांचा फोन उचलला नाही. माझाही नाही. ते अकरा दिवस दत्तात्रय रोज संध्याकाळी मला फोन करायचे आणि आम्ही दोघंही काही बोलायचो नाही. मी चालायची, ते तिकडे त्यांच्या रस्त्यावर चालायचे, आणि तास संपला की "चला" म्हणून ठेवून द्यायचे.

बाराव्या दिवशी तिचा त्यांना मेसेज आला. आज मुगाची खिचडी केली. एवढंच. मग रोज एक ओळ यायला लागली, काय केलं त्याची. नोव्हेंबरात सीमा उघडली आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शोभाताई आली. दत्तात्रय विमान उतरायच्या चार तास आधी एअरपोर्टवर जाऊन बसले होते.

मला जायचं धाडस जानेवारीत झालं. तोवर टेस्टची किट मिळेनाशी झाली होती. एक मिळालं ते नाकात घालून, एकच रेघ आल्यावर, वेरिबीला निघाले. शोभाताईने दार उघडलं. केस पांढरे झालेले, पंजाबी ड्रेस अंगावर लोंबत होता. तिने पोहे केले होते. छान झाले होते, मी तसं म्हणाले. दत्तात्रय तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

मी म्हटलं, "शोभाताई, चुकलं माझं. तुला नकळत मासे खायला..."

"मासे राहू देत," ती म्हणाली. "ते मी अजाणता खाल्ले. त्या म्हातारीने काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नाही. आणि यांनी तिथे नाही सांगितलं, तेही मला कळतं. मी तेव्हा खूश होते, ते यांना मोडायचं नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढं ओळखते मी यांना. त्यासाठी मी रागावले नाही."

तिच्या आवाजात चढउतार नव्हता. थकलेला आवाज. ती बशीतल्या पोह्यांकडे बघत बोलत होती.

"पण पुढचे सहा-सात महिने? दर बरणी उघडली की मी पहिला घास आईला भरवायचे. तिचं हिंडणंफिरणं बंद झालेलं, तेवढीच तिला मजा. ती म्हणायची, शोभे, फार चांगलं झालंय गं, अजून काय पाहिजे तुला? दर वेळी म्हणायची. आणि मी काय म्हणायचे सांगू? मी म्हणायचे, आई, तुला काय कळतंय, तुझी जीभ गेली आता. प्रत्येक बरणीला मी तिला हे म्हटलंय. शेवटी शेवटी ती बोलायचीच नाही, नुसती खायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची."

तिने मान वर केली आणि आधी दत्तात्रयांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"ती खरं सांगत होती. चांगलंच झालं होतं ते. तुम्हा दोघांना माहीत होतं, आणि मी माझ्या आईला शेवटपर्यंत खोटं पाडत राहिले."

दत्तात्रयांनी टेबलावर तिच्या हाताजवळ हात नेला. तिने हात काढून घेतला नाही, धरलाही नाही. माफी मागायची तयारी आम्हा दोघांचीही होती. पण जिची मागायची ती पुण्यात शेवटपर्यंत आपली जीभ गेली असंच समजून गेली होती.